घराजवळची बाग आणि लहान मूल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लहान मुलांच्या खेळाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घराजवळच्या बागा आणि खेळाच्या जागा यांच्याविषयीची निघाली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे लिहिताना साधारण सहा वर्षांखालचे मूल डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण या वयाचे मूल स्वतःहून बागेत जाऊ शकत नाही, आणि बाग गैरसोयीची असेल तर त्याला नेणारे मोठे माणूसच आधी कंटाळते.

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. गल्लीच्या टोकाला महापालिकेची लहानशी बाग आहे; तिच्यात दोन झोके, एक छोटी घसरगुंडी, चार बाके आणि एक जुने करंजाचे झाड, एवढेच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते की मुलीला मोठ्या बागेत न्यावे. म्हणून आम्ही रविवारी सारसबाग किंवा पेशवे उद्यान गाठतो. पण जाण्यायेण्यात आणि गर्दीत ती दमते व परतताना रडते. तिच्यासाठी खरोखर उपयोगाचे काय? — एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : गल्लीच्या टोकाची बाग. हे उत्तर मी अजिबात न अडखळता देतो, कारण उद्यानरचनेच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर माझी या एका गोष्टीबद्दल खात्री झाली आहे, की या वयाच्या मुलाला बाग किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेळा वाट्याला येते हे महत्त्वाचे असते. पायात चपला सरकवून पाच-सात मिनिटांत जिथे पोहोचता येते, मूल कंटाळले तर वीस मिनिटांत परत येता येते आणि उद्या पुन्हा जाता येते, ती त्याची बाग.

अडीच वर्षांचे मूल बागेत काय करते, ते एकदा शांतपणे बसून पाहा. ते झोक्यावर फार वेळ नसते. करंजाच्या शेंगा गोळा करते, बाकाखाली शिरते, एकच पायरी दहा वेळा चढते आणि उतरते, काल पाहिलेली मुंग्यांची रांग आजही तिथेच आहे का ते शोधते. हा शोध घेण्यासाठी ‘काल’ तीच जागा पाहिलेली असावी लागते. महिन्यातून एकदा पाहिलेल्या मोठ्या बागेत प्रत्येक वस्तू नवी असते, आवाज अनोळखी असतात, आणि दोन तासांनी ते सगळे एकदम सोडून निघायचे असते. तुमच्या मुलीचे रडणे हट्टाचे नसावे. ती थकलेली असते आणि तिचे काहीतरी अर्धवट राहिलेले असते.

मोठ्या बागांना जाऊच नये, असे मी म्हणत नाही. पेशवे उद्यानातील ‘फुलराणी’ १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवत आली आहे, आणि आजी-आजोबांनी जिच्यात बसून फेरी मारली त्या गाडीत नातीनेही बसावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. ती सहल आहे, आणि सहल वर्षातून दोन-तीनदा झाली तरी पुरते. शिवाय प्रत्येक मोठी बाग मुलांच्या खेळासाठी आखलेली नसते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचे आहे. ते शांतपणे फिरत पाहण्यासाठी रचलेले आहे, आणि तिथे धावू पाहणाऱ्या मुलाला क्षणोक्षणी अडवावे लागते, हा त्या बागेचा दोष नव्हे.

लहान जागेची ताकद ओळखून एका शहराने तीच आपली पद्धत केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅमच्या नगरपालिकेत काम करणारे वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आयक यांनी १९४७ मध्ये एका छोट्या चौकात पहिली खेळाची जागा आखली, आणि १९७८ पर्यंत त्या शहरात अशा सातशेहून अधिक जागा उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक जागा दोन घरांमधल्या मोकळ्या तुकड्यांवर होत्या. रुंद काठाचा वाळूचा हौद, चढण्यासाठी लोखंडी कमानी, उड्या मारण्यासाठी गोल ठोकळे आणि मोठ्या माणसांसाठी बाके, एवढ्याच सामग्रीवर त्यांचे काम भागत असे. तुमच्या गल्लीच्या बागेत यांपैकी बाके आहेत आणि वर सावली आहे. वाळू तेवढी नाही. शेजारच्या चार कुटुंबांनी मिळून वाळूच्या हौदाची मागणी उद्यान विभागाकडे करावी. तोवर घरून एक डबा, जुना चमचा आणि पाण्याची बाटली न्यावी. ओल्या मातीत तिचा अर्धा तास सहज जाईल.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील घसरगुंडीवरून पडून माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या हाताचे हाड मोडले. खाली पेव्हर ब्लॉक होते. आता हात बरा आहे, पण मुलांना तिथे पाठवावे की नाही, आणि खेळणी सुरक्षित आहेत हे आमच्यासारख्या सामान्य माणसाने कसे ओळखावे? — एक वडील, ठाणे

उत्तर : मुलाचा हात बरा झाला, हे वाचून बरे वाटले. आपल्याकडे अपघातानंतर खेळणे काढून टाकण्याचा निर्णय चटकन होतो, आणि ज्या जमिनीवर मूल आपटले ती तशीच राहते. घसरगुंडी मुलांना हवीच आहे. चढणे, तोल सावरणे आणि थोडेसे घाबरणे यांतूनच मूल स्वतःच्या शरीराचा अंदाज घ्यायला शिकते. बदलायला हवी ती खालची जमीन.

युरोपातील खेळसाधनांच्या मानकांत साधा हिशेब दिलेला आहे. मूल ६० सेंटिमीटरपेक्षा अधिक उंचीवरून पडू शकत असेल, तर खालचा पृष्ठभाग आघात शोषणारा हवा, आणि पडण्याची उंची कोणत्याही परिस्थितीत ३ मीटरपेक्षा जास्त नको. दोन मीटरपर्यंतच्या उंचीसाठी सैल वाळूचा थर साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या एका मोजपट्टीइतका खोल लागतो. त्यातील दहा सेंटिमीटर मुलांच्या पायांनी उडून जाणार, हे गृहीत धरूनच हा आकडा ठरवला आहे. पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, डांबर आणि उन्हाळ्यात दगडासारखी कडक होणारी काळी माती यांपैकी काहीही खेळण्याखाली चालत नाही. काँक्रीटवर चिकटवलेल्या पातळ, रंगीत रबरी फरश्या दिसायला सुरेख असतात. पण त्यांची जाडी पडण्याच्या उंचीला साजेशी नसेल, तर त्यांचा उपयोग फक्त शोभेपुरता होतो. फरशी बसवणाऱ्याला ती किती उंचीवरच्या पडण्यासाठी तपासलेली आहे, एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा.

वाळूबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. आता बांधकामावर बहुतेक ठिकाणी दगडचुरी, म्हणजे क्रश सँड वापरली जाते आणि तीच खेळाच्या जागेतही टाकली जाते. तिच्यातील बारीक भुकटी पावसात घट्ट बसते आणि दोन पावसाळ्यांत तिचा कोबा होतो. धुतलेली, गोलसर कणांची वाळू घ्यावी, हौदाच्या तळाशी पाणी निघून जाण्याची सोय करावी, आणि माळीदादांना आठवड्यातून एकदा दाताळ्याने ती सैल करायला सांगावे.

आता खेळणी पाहू. एक मोजपट्टी घेऊन अर्धा तास फिरलात, तर बरेच काही कळेल. कठडे, शिडीच्या पायऱ्या आणि जाळ्या यांच्यातील फटी साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान असतील, तर त्या धोकादायक समजाव्यात, कारण अशा फटीतून लहान मुलाचे शरीर पायांकडून बाहेर सरकते आणि डोके अडकते. फट यापेक्षा अरुंद तरी असावी किंवा पुरेशी मोठी तरी असावी. झोक्याला लोखंडी किंवा लाकडी पाट असेल, तर तो बदलून रबरी बैठक लावून घ्यावी. समोरून चालत आलेल्या लहानग्याच्या कपाळावर तो लोखंडी पाट बसणे हा आपल्या बागांमधला जुना अपघात आहे. झोके जागेच्या कडेला असावेत आणि घसरगुंडीकडे जाणारी वाट त्यांच्यासमोरून जाऊ नये. फायबरच्या घसरगुंडीला तडा गेला असेल, तर त्याच्या कुसळांनी मांड्या सोलवटतात. नटबोल्टची टोके, सुटलेले वेल्डिंग आणि खांबाच्या बुंध्याशी लागलेला गंज हात फिरवून पाहावा. खांब बहुधा जमिनीलगतच कुजतो, आणि वरून दिलेल्या ताज्या रंगाखाली तो दिसत नाही.

पालकांच्या सवयींविषयीही लिहायला हवे. लहान मूल घाबरते म्हणून त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. हेतू प्रेमाचा असतो, पण त्यात मुलाच्या पायाचे हाड मोडण्याचा धोका खरोखर असतो. मुलाच्या बुटाचा तळ कडेला अडकतो, मोठ्या माणसाच्या वजनाने दोघेही खाली सरकतच राहतात आणि अडकलेला पाय नडगीपाशी पिरगळतो. एकटे मूल अडकले, तर ते तिथेच थांबते. म्हणून मुलाला त्याच्या उंचीला साजेशा छोट्या घसरगुंडीवरून एकटे सोडावे आणि आपण शेजारी उभे राहावे. खेळण्यापूर्वी त्याची ओढणी, टोपीची नाडी आणि गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा काढून ठेवावा. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा बोल्टात अडकला, तर गळ्याला फास बसू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची घसरगुंडी आणि काळे रबर दुपारनंतरही तापलेले असते. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर मुलाला तिथे बसवू नये.

तुमच्या संकुलातील पेव्हर ब्लॉकविषयी व्यवस्थापन समितीला छायाचित्रांसह लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घालण्याची मागणी करा. तोंडी बोलणे जिन्यातच विरते.

प्रश्न : माझा नातू दीड वर्षाचा आहे. बागेत नेले, की तो माती आणि वाळू तोंडात घालतो. वाळूत कुत्री-मांजरे घाण करतात, डासही असतात. त्याला न्यावे की घरातच ठेवावे? — एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, अवश्य न्यावे. तोंडात घालून वस्तू ओळखणे हे या वयाचे काम आहे, आणि ते थोड्याच महिन्यांत कमी होते. मात्र मूल दोन वर्षांचे होऊन गेल्यावरही सतत माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल, तर त्याला नुसते रागावू नये. शरीरात लोह कमी असल्याचे ते लक्षण असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवावे.

कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत मिसळतात आणि हातांवाटे पोटात जातात, ही तुमची भीती खरी आहे. उघडा हौद रात्री जाळीने किंवा ताडपत्रीने झाकणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बागेतून परतल्यावर साबणाने हात धुणे आणि नखे कापलेली ठेवणे, एवढे कटाक्षाने पाळावे. एक वर्षापासून पुढच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. दोन वर्षांखालील मुलाला ती अर्धीच द्यायची असते. त्या मोहिमेत नातवाचे नाव आहे का, हे अंगणवाडी सेविकेकडे विचारून घ्यावे.

डासांसाठी बागेत एक फेरी मारा आणि टायर शोधा. रंगवलेले जुने टायर झोक्यांना व कुंपणाला लावण्याची पद्धत आहे, आणि त्यांच्या पोटात साचलेले पावसाचे पाणी ही डेंग्यूच्या डासांची आवडती जागा असते. प्रत्येक टायरला तळाशी दोन-तीन भोके पाडली, की प्रश्न मिटतो. हे डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्यापूर्वी चावतात, म्हणजे नेमके मुले बागेत असतात त्या वेळी. तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत.

झाडांपैकी एकाकडे मात्र मी गांभीर्याने लक्ष वेधतो. पिवळी कण्हेर वर्षभर फुलते आणि फारशी निगा मागत नाही, म्हणून ती बागांच्या कुंपणाला सर्रास लावतात. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि हिरव्या फळातली बी तर हृदयावर परिणाम करते. लाल कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंज यांचाही समावेश याच यादीत करावा. लहान मुलांच्या जागेभोवती ही झाडे नकोत, असा अर्ज उद्यान विभागाला द्यावा. एका ओळीचा अर्जही पुरेसा आहे. गाजर गवत दिसले, तर ते फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटून टाकावे.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने मुलांना कुठे न्यावे? — एक आई, डोंबिवली

उत्तर : पाऊस थांबला, की त्याच बागेत न्यावे. गमबूट आणि जुने कपडे घातले, की चिखल हेच खेळणे होते. दोन बाबतींत मात्र तडजोड नको. शहरात तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात, म्हणून रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात, विशेषतः पायाला जखम असेल तर, मुलांना खेळू देऊ नये. आणि वारा सुटला असताना गुलमोहराखाली बसू नये. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. संततधार असेल, तेव्हा शाळेच्या किंवा देवळाच्या ओवरीइतकी छपराखालची मोकळी जागाही मुलांना धावायला पुरते. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळाचा एक कोपरा पावसाळ्यापुरता दोरी लावून मोकळा ठेवता येतो का, हे सभासदांशी बोलून पाहावे.

प्रश्न : आमच्या भागात विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून राखीव असलेला एक भूखंड आहे, असे आम्ही ऐकतो. प्रत्यक्षात तिथे राडारोडा आणि वाहने आहेत. मुले रस्त्यावर खेळतात. आम्ही नागरिकांनी नेमके काय करावे? — काही रहिवासी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ‘असे आम्ही ऐकतो’ हे शब्द तुमच्या पत्रातून आधी काढून टाकायला हवेत. मोकळी जागा तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे, म्हणून तुमची जागा यांपैकी कोणती हे कागदावर पाहून घ्या.

पहिला प्रकार म्हणजे विकास आराखड्यातील आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार मंजूर झालेल्या आराखड्यात प्रत्येक आरक्षणाला क्रमांक, प्रयोजन आणि क्षेत्रफळ असते. दुसरा प्रकार म्हणजे गृहप्रकल्पातील मोकळी जागा. राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर सर्वसाधारणपणे १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. (मुंबईला वेगळी नियमावली आहे.) ही जागा रहिवाशांची असते; ती पुढे वाहनतळ किंवा मंडप होऊ लागली, तर मंजूर नकाशा समोर ठेवावा. नोंदणीकृत प्रकल्पांचे नकाशे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहता येतात. तिसरा प्रकार म्हणजे सुविधा क्षेत्र, म्हणजेच ॲमेनिटी स्पेस. तिथे बागच होईल असे नाही. दवाखाना, शाळा किंवा बाजारही होऊ शकतो, म्हणून तिच्यासाठी मागणी लवकर नोंदवावी लागते.

तुमचे प्रकरण पहिल्या प्रकारातले दिसते, आणि त्यात काळ महत्त्वाचा आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत राखीव जमीन संपादित झाली नाही, तर अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये जमीनमालक नियोजन प्राधिकरणाला (बहुधा महापालिकेला) खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर आताच्या तरतुदीनुसार २४ महिन्यांत संपादन झाले नाही अथवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मालकाला बांधकामासाठी मोकळी होते. मालकाच्या बाजूने पाहता ही तरतूद न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन कागदावर अनंतकाळ अडकवून ठेवता येत नाही. पण ज्या मुलांसाठी ती राखली होती, त्यांच्या पालकांना हे सारे घडून गेल्यावर कळते. शहरांतली कितीतरी मैदाने अशी नजरेआड निसटली आहेत, आणि हे मला फार लागते.

म्हणून माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली नगररचना विभागाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ, आराखडा अमलात आल्याचा दिनांक, जागेचा ताबा घेतला आहे का, घेतला नसल्यास संपादनाची स्थिती काय, आणि कलम १२७ ची सूचना आली आहे का, एवढेच प्रश्न मुद्देसूद विचारावेत. ‘मैदान का केले नाही’ असा प्रश्न विचारू नये. माहिती अधिकारात कारणमीमांसा मागितली, की अर्ज बाजूला पडतो. उत्तर हाती आले, की दोन वाटा उरतात. ताबा महापालिकेकडे असेल, तर राडारोडा उचलणे, कुंपण घालणे आणि फलक लावणे ही कामे क्षेत्रीय कार्यालयाकडे मागावीत. ताबा नसेल, तर विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा मोबदला देऊन जागा घ्यावी, अशी मागणी आयुक्तांकडे करावी. नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यासारख्या महापालिकांमध्ये आहे. तिच्या मुदतीवर लक्ष ठेवावे.

जागा मिळाल्यावर काय मागायचे, हेही आजच ठरवून ठेवा. नाहीतर सुशोभीकरणाच्या नावाखाली कारंजे, कमान, रंगीत दिवे आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी येते, आणि मुले पुन्हा रस्त्यावर खेळू लागतात. तुमची मागणी साधी असावी : पक्के कुंपण आणि एकच फाटक, लहानांसाठी वाळूचा हौद, मोठ्या मुलांना धावण्यासाठी मोकळी माती, पिण्याच्या पाण्याचा नळ, चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि सावली. स्वच्छतागृह नसलेल्या बागेतून तीन वर्षांच्या मुलाची आई पंधरा मिनिटांत परतते. सावलीसाठी करंज, कडुलिंब, बहावा आणि ताम्हण ही आपल्या मातीतली झाडे पहिल्याच जूनमध्ये लावून घ्या. चांगली सावली धरायला त्यांना काही वर्षे लागतात, त्यामुळे खेळणी नंतर आली तरी चालतील, झाडे नंतर नकोत.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. जवळच्या बागेच्या प्रवेशालाच आडव्यातिडव्या लोखंडी नळ्या लावल्या आहेत, त्यामुळे खुर्ची आतच जात नाही. आम्ही बाहेर उभे राहून आतली मुले पाहतो. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्या नळ्या बहुधा दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लावलेल्या असतात. पण त्यांच्यामुळे चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि काठीच्या आधाराने चालणारे वृद्ध, सगळेच अडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे, म्हणून तुमच्या अर्जाची भाषा विनंतीची नसली, तरी चालेल. सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे, आतून उघडता येणारे एक बाजूचे फाटक आणि १ : १२ उताराचा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा रॅम्प, या दोन गोष्टी आधी मागा.

आत गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. वाळूत चाके रुततात, म्हणून हौदाला लागूनच खुर्चीच्या उंचीचा, खाली गुडघे जातील असा उंच कठड्याचा वाळूचा टप मागावा. तिथे उभी मुले आणि खुर्चीतले मूल एकाच वाळूत हात घालू शकतात. पाठीला आधार व पट्टा असलेली झोक्याची बैठक वेगळ्या कोपऱ्यात न लावता इतर झोक्यांच्या ओळीतच लावायला सांगा. आणि आमच्या इतर वाचकांना विनंती, की असे मूल फाटकाशी दिसले, तर त्याच्या आईची वाट न पाहता आपण जाऊन बोलावे, आणि अर्जावर पहिली सही आपली करावी.

प्रश्न : आमच्या बागेत ज्येष्ठ नागरिक आणि मुले यांच्यात रोज वाद होतो. ‘चेंडू खेळण्यास मनाई’ असा फलक लागला आहे. मी स्वतः सत्तरीची आहे; मला चेंडूची भीती वाटते, पण मुलांचे उतरलेले चेहरेही बघवत नाहीत. — एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, दोन्ही बाजू तुम्ही एकाच वाक्यात मांडल्या आहेत. या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे ही मोठी आपत्ती असते, त्यामुळे तुमची भीती अगदी रास्त आहे. दुसऱ्या बाजूला, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम खेळणे हा मुलांचा हक्क मानते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

असे वाद माणसांच्या स्वभावापेक्षा जागेच्या आखणीतून जास्त निर्माण होतात. चालण्याची वाट मैदानाच्या मधून गेली, की चेंडू पायात येणारच. दादरचे शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे मधल्या मैदानात क्रिकेट चालते, कडेने लोक चालतात आणि भोवतीच्या कट्ट्यावर सर्व वयांची माणसे बसतात. ज्येष्ठांसाठी वेगळा कोपराही राखलेला आहे. एवढे मोठे मैदान सगळीकडे नसते, पण ती मांडणी अर्ध्या एकरातही करता येते. चालण्याची वाट कुंपणालगत घ्यावी आणि तिच्या व खेळाच्या जागेच्या मध्ये कंबरेएवढी मेंदीची किंवा कोरांटीची दाट रांग लावावी. बाके मात्र लहान मुलांच्या वाळूकडे तोंड करून ठेवावीत. पाच वर्षांखालच्या मुलांचा आजी-आजोबांना त्रास होत नाही, उलट त्यांच्याकडे पाहत दोघांचाही वेळ चांगला जातो. त्रास दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या जोरदार चेंडूचा असतो. त्यांच्यासाठी एक कोपरा आणि संध्याकाळची ठरावीक वेळ लिहून ‘मनाई’च्या फलकाजागी नवा फलक लावावा, आणि त्यावरचा मजकूर मुलांकडूनच लिहून घ्यावा. तुम्ही शिक्षिका होता, तेव्हा हे काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करणार नाही.

आणखी एक गोष्ट. अनेक बागा सकाळी उशिरापासून दुपारी चारपर्यंत कुलूपबंद असतात. बालवाडी सुटल्यानंतरचा वेळ त्यातच जातो, आणि फाटक उघडते तेव्हा सगळी वये एकदम आत येतात; निम्मा वाद या गर्दीतूनच उद्भवतो. हिवाळ्यात, आणि झाडांची दाट सावली असलेल्या बागांमध्ये एरवीही, दुपारी फाटक उघडे ठेवावे, अशी मागणी ज्येष्ठ नागरिक संघ आणि पालक यांनी एकाच अर्जावर करावी.